कॉफीवर आळ: लो-कार्ब आहार घेणाऱ्या एका मधुमेही दुकानदाराचं प्रकरण

ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत. घरात आणि बाजारात त्यांना सगळे भाऊ म्हणतात, म्हणून इथेही भाऊच म्हणते. मी आहारतज्ज्ञ आहे. गोळ्यांबद्दलचे निर्णय सगळे त्यांच्या फॅमिली डॉक्टरांचे. वाचून स्वतःच्या गोळ्या कोणी कमी-जास्त करू नयेत, हे आधीच सांगून ठेवते.

पार्श्वभूमी

भाऊ ५४ वर्षांचे. नाशिक जिल्ह्यात तालुक्याच्या गावी हार्डवेअरचं दुकान. मधुमेह निघून सहा वर्षं झालेली. सकाळ-रात्र मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड यांची एकत्र गोळी, शिवाय रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, त्याच गोळीत लघवी वाढवणारं औषध. वजन ८८ किलो, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) ८.२. म्हणजे गोळ्या चालू असूनही साखर हाताबाहेरच.

दुकानात बसणाऱ्या माणसाचा चहा कोणी मोजत नाही. गिऱ्हाईक आलं की कटिंग, ट्रकमधून सिमेंट उतरलं की कटिंग, उधारी मागायला गेलं तर तिथेही कटिंग. वहिनींच्या हिशेबाने दिवसाला सात-आठ व्हायचे. टपरीचा चहा गोडमिट्टच असतो, तेव्हा एवढ्यातूनच पन्नास-साठ ग्रॅम साखर सहज पोटात जात होती.

पुण्यात आयटीत असलेला पुतण्या दिवाळीत आला आणि त्याने काकांना लो-कार्बवर घातलं. पोळी बंद, भात बंद, साखर बंद, चहा बंद, दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत कर्बोदकं. चहाच्या जागी कॉफी. "काका, ब्लॅक कॉफी हवी तेवढी प्या, त्यात काहीच नसतं." सोबत काचेचा फ्रेंच प्रेस (जाळीने दाबून कॉफी गाळायचं भांडं), दळलेल्या कॉफीचं पाकीट आणि तूप घालून मिक्सरमध्ये फिरवायच्या कॉफीची कृती.

पुतण्याचं ते वाक्य चुकीचं नव्हतं. नुसत्या काळ्या कॉफीच्या कपात दोन-तीन कॅलरी आणि नावापुरती कर्बोदकं असतात. घोळ झाला तो हा की पुढच्या महिन्याभरात भाऊंच्या घरी आणि दुकानात ‘कॉफी’ या नावाखाली चार वेगवेगळी पेयं आली आणि ‘त्यात काहीच नसतं’ हा शेरा चारही पेयांना लागू झाला.

पहिले पंधरा दिवस झकास गेले. तीन किलो वजन उतरलं, उपाशीपोटीची साखर १७० वरून १३०-१४० वर आली. यात चमत्कार काही नाही. कर्बोदकं तोडली की शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा साठा उतरतो आणि त्याच्यासोबत धरलेलं पाणी निघून जातं. शिवाय सात-आठ कटिंगमधली साखर एका दिवसात थांबली होती. पण बाजारात बातमी अशी फिरली की भाऊंची शुगर कॉफीने उतरली.

अडचण

त्यानंतर सकाळी साडेअकरा-बाराच्या सुमाराला भाऊंचे हात थरथरायला लागले. घाम फुटायचा, छातीत धडधड व्हायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. अकराला समोरच्या उडुपी हॉटेलातून फिल्टर कॉफी यायची आणि अर्ध्या तासात हे सुरू व्हायचं. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा. वेळ अशी जुळत होती की संशय कॉफीवरच जाणार.

सल्ल्यांना तोटा नव्हता. वहिनी म्हणाल्या, कॉफी उष्ण पडते, पित्त आहे. औषधाच्या दुकानातल्या पोराने अॅसिडिटीची गोळी दिली. पुतण्याने फोनवर सांगितलं, "कीटो फ्लू आहे काका, मीठ-पाणी घ्या." म्हणजे कर्बोदकं तोडल्यावर सुरुवातीला येणारी मरगळ. भाऊंचा स्वतःचा उपाय म्हणजे दहा बदाम, पनीरचा एक तुकडा आणि तरतरी यावी म्हणून वर आणखी एक काळी कॉफी.

याखेरीज तीन तक्रारी होत्या. वजन ८५ वर येऊन अडलं होतं. पहाटे चारला जाग यायची, ती पुन्हा डोळा लागत नसे. आणि दुकानातल्या गादीवरून एकदम उठलं की चक्कर यायची.

माझ्याकडे आले तेव्हा त्यांनी प्रश्न तयार करूनच आणला होता. "मॅडम, कॉफी सोडू की डाएट सोडू, एवढंच सांगा."

पहिला निर्णय: त्रास होईल तेव्हाच साखर मोजायची

भाऊंच्या प्रश्नाचं उत्तर त्या दोन्ही पर्यायांच्या बाहेर असण्याची शक्यता होती, आणि ती त्यांच्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर ठेवल्यावर दिसली. ग्लिमेपिराइड हे स्वादुपिंडाला चिमटा काढून इन्सुलिन सोडायला लावणारं औषध. पानात पोळी आहे की नुसतं ऑम्लेट, हे त्याला कळत नाही. ते आपलं काम करत राहतं. भाऊ सकाळी आठला गोळी घेत होते, न्याहारीला अंडी आणि पनीर, म्हणजे कर्बोदकं जवळजवळ नाहीत. मग दुपारच्या जेवणाआधी साखर किती खाली जात असेल?

थरथर, घाम आणि धडधड ही जास्त कॅफीनची लक्षणं आहेत. रक्तातली साखर उतरल्याचीही नेमकी हीच लक्षणं आहेत, कारण दोन्हीकडे काम अॅड्रेनालिन या संप्रेरकाचंच. नुसतं वर्णन ऐकून दोघांत फरक करता येत नाही. त्यात कॅफीनमुळे साखर उतरल्याची लक्षणं जास्त ठळक जाणवतात असं प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणजे अकराची कॉफी कदाचित त्रास देत नव्हती, चाललेला त्रास जाणवून देत होती.

मी त्याच वेळी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं, रात्रीची गोळी बदलून नुसतं मेटफॉर्मिन दिलं आणि ग्लुकोमीटर दुकानात गल्ल्याशेजारी ठेवायला सांगितलं. भाऊंच्या मुलाला बोटाला सुई टोचायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळची जुनी गोळी मात्र भाऊंनी सवयीने घेतलीच. डॉक्टरांकडून परत येऊन दुकान उघडलं आणि पावणेबाराला थरथर सुरू झाली. मुलाने मोजली: ५८.

सत्तरच्या खाली म्हणजे साखर उतरलेली, हा सर्वमान्य आकडा. अशा वेळी पंधरा ग्रॅम साखर लगेच घ्यायची, म्हणजे तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. मुलगा शेजारच्या टपरीवरून साखर घेऊन आला, तर भाऊ पेला हातात घेईनात. "महिना झाला साखरेला शिवलो नाही, ते सगळं वाया घालवू?" मुलाने मला फोन लावून स्पीकरवर टाकला. मी म्हटलं, "भाऊ, हे औषध आहे. आधी प्या, मग माझ्याशी भांडा." पंधरा मिनिटांनी ८४ आली आणि थरथर थांबली.

बदाम-पनीर या कामाचे का नाहीत, हे त्यांना तेव्हा पटलं. त्यातून लगेच रक्तात जाईल अशी साखर मिळत नाही आणि चरबीमुळे पोट रिकामं व्हायला उलट वेळ लागतो. लो-कार्ब करणाऱ्या मधुमेही माणसाच्या खिशात ग्लुकोजच्या गोळ्या असाव्यात, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण ज्याच्या औषधात ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन आहे, त्याच्यासाठी ते पोळी सोडण्याआधीचं काम आहे.

डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड पूर्ण थांबवलं, मेटफॉर्मिन चालू ठेवलं. त्या एकट्याने साखर अशी सहसा उतरत नाही. त्याच भेटीत रक्तदाब आधी झोपवून आणि मग उभं करून मोजला. वरचा आकडा ११४ वरून ९२ वर आला. चकरेचं कारण तिथेच मिळालं. कर्बोदकं कमी झाली की इन्सुलिनची पातळी उतरते आणि मूत्रपिंडं जास्त मीठ-पाणी बाहेर टाकतात. त्यावर लघवी वाढवणारी गोळी चालूच. डॉक्टरांनी ते औषध काढलं आणि साधी टेल्मिसार्टन ठेवली. पुतण्याचं मीठ-पाणी अगदीच चुकीचं नव्हतं, पण रक्तदाबाच्या माणसाला मीठ वाढवायला सांगण्याआधी त्याची गोळी बघावी लागते.

त्यानंतर थरथर पुन्हा आली नाही. अकराची कॉफी चालूच होती.

कपात नेमकं काय होतं

इथे प्रकरण संपायला हवं होतं असं भाऊंना वाटलं. कॉफी निर्दोष सुटली होती. पण वजन अडलेलं होतं आणि झोप नव्हती, म्हणून मी कॉफीची उलटतपासणी घेतली. वहिनींना मापाचा पेला घेऊन बसवलं.

सकाळी साडेसहाला फ्रेंच प्रेसची मगभर कॉफी, त्यात दोन मोठे चमचे साजूक तूप. अकरा आणि चारला उडुपी हॉटेलातली फिल्टर कॉफी, बिनसाखरेची, दूध अंदाजे शंभर मिली. रात्री दुकान बंद करून आल्यावर वहिनींच्या हातची, जायफळ किसून घातलेली, दाट दुधाची. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं तर एखादी काळी, ती खरोखरच काळी.

रात्रीच्या मगात वहिनी ‘थोडं दूध’ घालत होत्या. मोजलं तर १८० मिली निघालं, तेही म्हशीचं. दुधात साखर न घालता शंभर मिलीमागे सुमारे पाच ग्रॅम दुग्धशर्करा असतेच, मग ते गायीचं असो, म्हशीचं असो की टोन्ड. फरक पडतो तो मुख्यतः चरबीत. म्हणजे रात्रीच्या मगात नऊ ग्रॅम, हॉटेलच्या दोन कपांत दहा, आणि गोडीसाठी टाकलेल्या शुगर-फ्री पुड्यांमधून एक-दोन. अशा पुड्यांत गोडीचा कण इवलासा असतो आणि पुडी भरायला बहुधा डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असतं, म्हणजे कर्बोदकंच. एकूण एकवीस ग्रॅमच्या आसपास. पन्नासच्या मर्यादेतले एकवीस.

कॅलरीत मोजलं तर आणखी गंमत. तुपाच्या दोन मोठ्या चमच्यांचे अडीचशे, हॉटेलच्या दोन कपांचे मिळून सव्वाशे-दीडशे, रात्रीच्या मगाचे दीडशेच्या वर. ‘काहीच नसलेल्या’ कॉफीतून पाचशेपेक्षा जास्त.

तूप-कॉफीबद्दल दोन शब्द. लोणी घातलेली कॉफी अमेरिकेत डेव्ह अॅस्प्री या उद्योजकाने लोकप्रिय केली. तिबेटमध्ये प्यायलेल्या याकच्या लोण्याच्या चहावरून आपल्याला ती सुचली, असं तो सांगतो. तिकडे ती न्याहारीच्या ऐवजी पितात. आपल्याकडे लोण्याचं तूप होणं ओघानेच आलं, पण ‘ऐवजी’ हा शब्द वाटेत गळला. भाऊ तूप-कॉफी पिऊन वर दोन अंड्यांचं ऑम्लेट आणि पनीर खात होते. हिमालयाच्या थंडीत दिवसभर चढ-उतार करणाऱ्याला ते पचेल. गादीवर बसून खिळ्यांची पुडकी बांधणाऱ्याचं वजन मग हलणार कसं?

काळ्या कॉफीने साखर वाढते का

हा प्रश्न भाऊंनीच काढला. मीटर हाताशी आल्यावर त्यांना मोजण्याचा नाद लागला होता आणि एका सकाळी त्यांनी मला आकडे पाठवले: कॉफीआधी १३८, नुसत्या काळ्या कॉफीनंतर तासाभराने १५१. "कर्बोदकं नाहीत म्हणता, मग ही आली कुठून?"

प्रश्न रास्त आहे. कॅफीनमुळे अॅड्रेनालिन वाढतं, यकृत साठ्यातली साखर सोडतं आणि काही तास इन्सुलिनचा असर थोडा कमी होतो. टाइप २ मधुमेह असलेल्यांना कॅफीन देऊन केलेल्या प्रयोगांत जेवणानंतरची साखर जास्त वाढलेली दिसली आहे. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाने २०२० मध्ये २९ निरोगी माणसांवर एक प्रयोग केला. झोपमोड झालेल्या रात्रीनंतर न्याहारीआधी कडक काळी कॉफी दिली, तेव्हा गोड पेयानंतरची साखरेची उसळी सुमारे निम्म्याने जास्त आली. याच्या उलट, वर्षानुवर्षं कॉफी पिणाऱ्यांमध्ये टाइप २ मधुमेह कमी आढळतो असं मोठ्या पाहण्या सांगतात, आणि कॅफीन काढलेल्या कॉफीबाबतही तसंच दिसतं. ही निरीक्षणं मात्र मधुमेह होण्याआधीची. भाऊंची वेळ टळून गेली होती.

मग भाऊंच्या १३८-१५१ चं करायचं काय? मी त्यांना सांगितलं, काही सकाळी कॉफी न पिता त्याच वेळांना मोजा. कॉफीशिवायही तासाभरात पाच-दहाने साखर चढत होती. पहाटे शरीर जागं होताना स्वतःच साखर सोडतं, मधुमेहींमध्ये जरा जास्तच. कॉफी पिऊन दहा ते अठराने चढत होती. राहिला फरक पाच-आठचा. घरगुती मीटरला शंभरच्या वर आकडा असताना पंधरा टक्के इकडे-तिकडे असण्याची मुभा आंतरराष्ट्रीय मानकातच आहे. १५१ च्या पंधरा टक्के म्हणजे बावीस. ज्या तराजूला बावीसची झोळ आहे त्यावर पाच-आठ तोलता येत नाहीत.

म्हणून निर्णय असा झाला की काळ्या कॉफीची साखर हा विषय सोडून द्यायचा. मुलाला सारखं मोजायचा कंटाळा आला होता आणि मीटरच्या पट्ट्या स्वस्तही नसतात.

तोलून पाहिलेले पर्याय

कॉफी पूर्ण बंद करणं हा वहिनींचा आवडता पर्याय. पण रोज चार-पाच कप पिणाऱ्याने एकदम सोडली तर दुसऱ्या दिवसापासून डोकं धरतं आणि ते दुखणं आठवडाभर रेंगाळू शकतं. ते दुखणं पुन्हा आहाराच्या नावावर जमा झालं असतं. शिवाय कॉफी गेली की टपरीचा कटिंग परत येणार, ही भीती मला जास्त होती.

आहारच सोडून पूर्ववत पोळी-भाताकडे जाणं, हा डॉक्टरांनी नाकारलेला पर्याय. आकडे चांगले येत होते. मात्र पन्नास ग्रॅमची मर्यादा कोणी आणि कशावर ठरवली, याला पुतण्याकडेही उत्तर नव्हतं. आम्ही ती शंभरच्या आसपास नेली. दिवसाला १३० ग्रॅमच्या आतला आहारही लो-कार्बच धरला जातो. शंभरात दुपारी एक ज्वारीची भाकरी बसते आणि भाकरी मिळाली की भाऊंसारख्या माणसाचा नियम जास्त दिवस टिकतो.

फक्त काळी कॉफी, बाकी सगळी बंद: कागदावर सर्वात सोपा पर्याय. पण रात्री दुकान बंद झाल्यावर जायफळाची कॉफी घेऊन दोघं अर्धा तास बसतात, तेवढाच त्यांचा एकत्र वेळ. तो कप काढायला सांगितला असता तर वहिनींनी मान डोलावली असती आणि तिसऱ्या दिवशी कप परत आला असता.

काय केलं

हॉटेलच्या दोनपैकी अकराची फिल्टर कॉफी ठेवली. पाच ग्रॅम शंभरात खपतात. चारची काढली, ती झोपेसाठी. कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या (आयसीएमआर-एनआयएन) २०२४ च्या आहार-मार्गदर्शनात दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. त्यातच १५० मिली गाळलेल्या कॉफीत ८० ते १२०, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५ मिलिग्रॅम धरलं आहे. भाऊ तीनशेच्या पुढे होते, आणि त्यातला बराच वाटा चार वाजल्यानंतरचा.

रात्रीच्या कपावर वहिनींनी स्वतःच तोड काढली. १८० ऐवजी ५० मिली दूध, बाकी पाणी, आणि दाटपणासाठी वर चमचाभर साय. सायीत दुग्धशर्करा अगदी थोडी. जायफळ, वेलची तशीच. पुड्यांऐवजी गोडीच्या बारीक गोळ्या, त्याही दोनाची एक. कॉफी म्हणून चिकोरीवाली (चिकोरीच्या भाजलेल्या मुळांची पूड मिसळलेली) इन्स्टंट पावडर, अर्धाच चमचा. चिकोरीवरून पुतण्याने आधी बराच आरडाओरडा केला होता. भारतीय नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात निम्म्याला जरा कमी इतकी चिकोरी चालते आणि तिचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. चिकोरीत कर्बोदकं असतात हे खरं, पण अर्ध्या चमच्यात अशी किती येणार? उलट तिच्यात कॅफीन नसतं, म्हणून रात्रीच्या कपाला तीच बरी.

तूप-कॉफी सोडायला भाऊ तयार होईनात. तिच्यामुळे दुपारपर्यंत भूक लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. ठीक. मग ती न्याहारीच्या ऐवजी घ्या, तूप एकच चमचा, आणि तीन महिन्यांनी चरबीचा रिपोर्ट बघू, असा तह झाला. मला तो फारसा पसंत नव्हता, पण चार गोष्टी ऐकणाऱ्याशी पाचवीवर हटून बसण्यात अर्थ नसतो.

परिणाम

झोप आठवड्याभरात सुधारली. सगळ्यात आधी बदल दिसला तो इथे, आणि भाऊंना सगळ्यात जास्त अप्रूप याचंच. वजन महिन्याभरात हलायला लागलं. तीन महिन्यांनी ८१ किलो, एचबीए१सी ६.९, तेही ग्लिमेपिराइडशिवाय. यात कॉफीच्या फेरफाराचा वाटा किती, भाकरी-पोळीच्या हिशेबाचा किती आणि संध्याकाळी बाजार समितीपर्यंत पायी जायला लागले त्याचा किती, हे वेगळं काढता येणार नाही.

चरबीचा रिपोर्ट मात्र बिघडला. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १०८ होतं, ते १४६ झालं. संशयित दोन: सकाळचं तूप, आणि फ्रेंच प्रेस. उकळलेल्या किंवा जाळीतून दाबून गाळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल नावाचं तेलकट द्रव्य कपात उतरतं आणि ते एलडीएल वाढवतं. १९८० च्या दशकात नॉर्वेतल्या ट्रोम्सो इथल्या पाहणीत उकळलेली कॉफी पिणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल जास्त निघालं, त्यातून हा शोध पुढे गेला. कागदी गाळणीत हे द्रव्य अडकतं, इन्स्टंट पावडरीत ते फारच कमी असतं.

कागदी गाळण्या तालुक्याच्या गावी कुठे मिळणार? भाऊंनी सकाळीही इन्स्टंट काळी कॉफी सुरू केली, तूप थांबवलं आणि ऑम्लेट परत आणलं. फ्रेंच प्रेस सध्या वहिनींच्या ताकाच्या मसाल्याचा काढा करायला वापरात आहे. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन गोळी सुचवली होती, भाऊंनी तीन महिने मागून घेतले. पुढच्या रिपोर्टात एलडीएल १२१. उतरलं, पण मधुमेह आणि वय बघता डॉक्टरांनी गोळी सुरू केलीच. भाऊ नाराज होते. त्यांच्या मते एक गोळी बंद करून दुसरी घेतली, हिशेब तिथेच. डॉक्टरांनी समजावलं की दोन्ही गोळ्यांची कामं वेगळी आहेत. ते कितपत पटलं, कोण जाणे. गोळी मात्र नियमित घेतात.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात मोठी गोष्ट पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती: पोळी-भात सोडण्याआधी गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवणं. तोवर साखर आठवड्यातून दोन-तीनदा उतरत होती आणि भाऊ त्या अवस्थेत मोटारसायकलवरून बँकेत जात होते. पुतण्याने प्रेमापोटी सगळं केलं. त्याला मधुमेह नाही, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या अनुभवात हा धोका कुठेच नव्हता. सल्ला देणारा आणि घेणारा यांच्या गोळ्या वेगळ्या असतील तर एकाचा अनुभव दुसऱ्याला पुरत नाही.

दुसरं, पहिला चरबीचा रिपोर्ट तीन महिन्यांऐवजी सहा-आठ आठवड्यांनी घेता आला असता. आणि तूप व प्रेस एकाच वेळी बदलल्यामुळे दोषी कोण ते कळलं नाही. आधी फक्त तूप काढून सहा आठवडे थांबलो असतो तर कदाचित कळलं असतं. पण एलडीएल १४६ आलेल्या मधुमेही माणसाला प्रयोगासाठी थांबवणं डॉक्टरांना योग्य वाटलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं.

‘काय खाता?’ असं विचारलं की आपल्याकडे माणूस पानातलं सांगतो. पेल्यातलं त्याच्या मोजणीत नसतंच. म्हणून आता आहाराच्या वहीत मी चहा-कॉफीचा रकाना वेगळा आखून देते आणि शेजारी ‘दूध किती मिली’ असं लिहून ठेवते. चमचे, कप, थोडं, नावाला हे शब्द त्या रकान्यात चालत नाहीत.

सध्या काय चाललंय

भाऊंचा पुढचा एचबीए१सी दोन महिन्यांनी आहे. लग्नसराई तोंडावर आली आहे, त्यामुळे आकडा थोडा चढेल असं मी धरून चालले आहे.

दरम्यान त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला. वय ४९, त्यांनाही मधुमेह, आणि दादांसारखं डाएट उद्यापासून सुरू करायचंय. कोणती कॉफी आणू, एवढंच विचारायचं होतं. मी गोळ्यांची नावं मागितली तर त्यात डापाग्लिफ्लोझिन निघालं. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारं हे औषध घेत असताना कर्बोदकं फार तोडली तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी द्रव्यं) वाढून अॅसिडचं प्रमाण धोकादायक होऊ शकतं. मीटरवरची साखर तेव्हा फारशी चढलेली नसते, त्यामुळे घरी कोणाच्या लक्षातही येत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी आणि धाप लागते, आणि माणूस समजतो की पित्त झालं. त्यांना मी तूर्त भाकरी चालू ठेवायला सांगितलंय. सोमवारी डॉक्टरांना भेटणार आहेत. कॉफीचं त्यानंतर बघू.